प्रवेशपटावरची नावे : महिला महाविद्यालयांच्या दप्तरांकडे वळताना

१९४०च्या सुमारास बिलोली तालुक्यातल्या एखाद्या मुलीने महाविद्यालयात शिकायचे मनावर घेतले असते, तर तिच्यापुढे दोन वाटा होत्या. धर्माबादचे स्टेशन गाठायचे, नाहीतर मांजरा ओलांडून बोधनकडे निघायचे. दोन्ही वाटा निजामाबादमार्गे हैदराबादलाच पोचत. तिथे १९२४ मध्ये मुलींसाठी महाविद्यालय सुरू झाले होते आणि ते उस्मानिया विद्यापीठाचे होते. १९४९ मध्ये ते कोठी भागातल्या जुन्या ब्रिटिश रेसिडेन्सीत आले. पुढची सत्तर-बाहत्तर वर्षे ‘कोठी विमेन्स कॉलेज’ म्हणून सारे हैदराबाद त्याला ओळखत होते. २०२२ मध्ये तेलंगणा सरकारने त्याचे महिला विद्यापीठ केले. आता त्या विद्यापीठाला तेलंगणाच्या शेतकरी लढ्यातल्या चाकली इलम्मांचे नाव आहे. महाविद्यालय म्हणून त्याचा इतिहास तिथे संपला.

त्या इतिहासात मराठवाड्यातल्या किती मुली होत्या? त्या कोणत्या गावांच्या होत्या, कोणाकडे राहिल्या, काय शिकल्या, कोणत्या वर्षी नाव काढून घरी परतल्या? हे प्रश्न साधे आहेत. त्यांची उत्तरे मिळवायची तर जुने प्रवेशपट, परीक्षांचे निकाल, वसतिगृहांच्या वह्या आणि वार्षिकांक उघडावे लागतात. हे कागद शोधणे, जपणे, वाचणे आणि त्यांतून शिकलेल्या बायकांचा इतिहास उभा करणे हे एक स्वतंत्र अभ्यासक्षेत्र आहे. या क्षेत्रात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे. बिलोली, देगलूर, धर्माबाद, कुंडलवाडी, नायगाव या पट्ट्यातल्या महाविद्यालयांत शिकणारे आणि शिकवणारे वाचक लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आहेत. हे काम त्यांना इतर कोणाहूनही चांगले जमेल अशी माझी खात्री आहे, आणि त्याची कारणे पुढे येतीलच.

आधी या भागाची अडचण समजून घेऊ. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. त्याच वेळी मुधोळ तालुक्याचा बहुतेक भाग आदिलाबादकडे गेला आणि धर्माबादचा भाग बिलोलीला जोडला गेला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आले. एवढ्या काळात बिलोली जागची हलली नाही. तिच्या लेकींच्या शिक्षणाचे कागद मात्र हैदराबाद, औरंगाबाद, मुंबई आणि नांदेड असे चार ठिकाणी वाटले गेले. आजी उस्मानियाची, आई मराठवाडा विद्यापीठाची आणि नात नांदेडच्या विद्यापीठाची पदवीधर असेल, तर एकाच घरातल्या तीन पिढ्यांचा माग काढायला तीन विद्यापीठांचे उंबरे चढावे लागतात. पहिला उंबरा तर आता परराज्यात आहे.

महाविद्यालय बंद पडते, दुसऱ्यात विलीन होते, मुलांनाही प्रवेश देऊ लागते किंवा त्याचे विद्यापीठ होते. या चारही वेळा दप्तराचे काय करायचे हा प्रश्न सगळ्यांत शेवटी निघतो. इमारतीचा ताबा कोणाकडे, प्राध्यापकांची सेवाज्येष्ठता कशी धरायची, ठेवी कोणाच्या नावावर, याची चर्चा आधी होते आणि ती व्हायलाच हवी. पण त्या गडबडीत पन्नास वर्षांचे प्रवेशपट जिन्याखालच्या खोलीत जातात. पुढे त्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे हे सांगणारा शिपाई निवृत्त होतो. माझ्या मते स्त्रीशिक्षणाच्या इतिहासाची सर्वांत मोठी हानी या हस्तांतराच्या काळातच होते. विरोधकांनी किंवा सनातन्यांनी केलेली हानी निदान कोणीतरी नोंदवून ठेवली आहे. या हानीची नोंदच होत नाही.

हस्तांतरातून दप्तर वाचले तर काय घडते, याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्या ओळखीच्या एका नावाशी जोडलेले आहे. डॉ. आनंदीबाई जोशी ज्या महाविद्यालयात शिकल्या ते ‘विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ आज अस्तित्वात नाही. १८५० मध्ये फिलाडेल्फियात ते सुरू झाले. बायकांना डॉक्टर करण्यासाठीच ते काढले होते. १९७० मध्ये तिथे पुरुषांना प्रवेश मिळू लागला आणि नावातून बायका गेल्या. १९९०च्या दशकात ते हानेमान या दुसऱ्या वैद्यकीय महाविद्यालयात मिसळले. ज्या संस्थेकडे हे जोडमहाविद्यालय होते तिचे १९९८ मध्ये दिवाळे निघाले. अखेर २००२ मध्ये ते ड्रेक्सेल विद्यापीठाचा भाग झाले. नाव गेले, स्वतंत्र अस्तित्व गेले, मालक बदलले. दप्तर मात्र राहिले, कारण या सगळ्या उलथापालथीत ते एकत्र ठेवण्याचा आग्रह धरणारी माणसे तिथे होती. आज ड्रेक्सेलच्या संग्रहात त्या महाविद्यालयाचे कागद नीट जपलेले आहेत.

त्या कागदांत आनंदीबाईंनी प्रवेशासाठी १८८३ मध्ये लिहिलेले पत्र आहे. प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर त्यांनी पदवीसाठी लिहिलेला प्रबंध आहे. आणि १० ऑक्टोबर १८८५चे ते छायाचित्र आहे, ज्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. हे छायाचित्र आज जगभर फिरते. पण त्याला अर्थ कशामुळे आला ते पाहा. छायाचित्रासोबत तिघींची नावे, देश आणि तारीख टिकली. शिवाय त्याच संग्रहातल्या इतर कागदांशी ते जुळवून पाहता येते. नावे नसती तर ते परदेशी पोशाखातल्या तीन अनोळखी बायकांचे एक जुने चित्र होऊन राहिले असते. आपल्याकडच्या महाविद्यालयांच्या भिंतींवर आणि कपाटांत अशी नावे नसलेली समूहचित्रे ढिगाने आहेत. ती पाहिली की मला मनापासून वाईट वाटते.

आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी पदवीधर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. वर्षही पुरते भरले नाही. तरी त्यांच्यावर किती लिहिले गेले! कॅरोलाइन डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये आले. काशीबाई कानिटकरांनी मराठीत चरित्र लिहिले. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ची. पुढे अंजली कीर्तने यांनी मोठे संशोधनपर चरित्र लिहिले आणि मीरा कोसंबी यांनी पत्रांचा अभ्यास केला. प्रत्येक पिढीला पुन्हा मूळ कागदांकडे जाता आले, म्हणून प्रत्येक पिढी नवे काही विचारू शकली. कादंबरीतल्या आनंदीबाई आणि पत्रांतल्या आनंदीबाई यांत किती अंतर आहे हे आपण आज बोलू शकतो, ते दप्तर टिकल्यामुळेच.

आणखी एक गोष्ट मला आनंदीबाईंच्या नावाइतकीच मोलाची वाटते. त्याच महाविद्यालयातून १८९२ मध्ये गुरुबाई करमरकर डॉक्टर झाल्या. परत येऊन त्यांनी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षे रुग्णसेवा केली. मराठी वाचकाला त्यांचे नाव फारसे ठाऊक नाही. त्यांच्यावर कादंबरी आली नाही, चित्रपट आला नाही. पण महाविद्यालयाच्या दप्तरात त्यांचे नाव आनंदीबाईंच्याच यादीत, तेवढ्याच आकाराच्या अक्षरात आहे. दप्तराचा मोठेपणा हाच की तिथे पहिली आणि पाचवी, नामवंत आणि अनाम, शिकून डॉक्टर झालेली आणि मध्येच शिक्षण सोडलेली अशा सगळ्या एका ओळीत येतात. ज्यांना ‘पहिली महिला’ शोधण्याच्या पलीकडे जायचे आहे त्यांनी इथून सुरुवात करावी.

जगात इतरत्रही असे घडले आहे, ते थोडक्यात सांगतो. लंडनचे बेडफर्ड कॉलेज १८४९चे. १९८५ मध्ये ते रॉयल हॉलोवेत विलीन झाले आणि त्याचे कागद तिथे गेले. अमेरिकेतले रॅडक्लिफ कॉलेज १९९९ मध्ये हार्वर्डमध्ये पूर्णपणे मिसळले. पण तिथे १९४३ पासूनच बायकांच्या इतिहासाचा संग्रह जमत होता, म्हणून महाविद्यालय संपले तरी त्याचे श्लेसिंगर ग्रंथालय त्या विषयाचे मोठे केंद्र म्हणून टिकले. दोन्हीकडे विलीनीकरणाच्या आधीच दप्तराची सोय झाली होती. आपल्याकडे ‘आधी’ हा शब्दच कमी पडतो.

आता पुन्हा कोठीकडे येऊ. रेसिडेन्सीची ती देखणी इमारत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जेम्स ॲकिलिस कर्कपॅट्रिक या रेसिडेंटने बांधून घेतली. त्याची आणि खैरुन्निसा बेगमची प्रेमकहाणी विल्यम डॅलरिंपल यांच्या २००२च्या पुस्तकाने घराघरांत पोचवली. त्याच सुमारास जागतिक पातळीवर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत इमारतीचे नाव आले, पैसा उभा राहिला आणि अलीकडे तिची दुरुस्ती झाली. हे उत्तम झाले. पण कर्कपॅट्रिक तिथे काही थोडी वर्षे राहिला आणि विद्यार्थिनी सत्तरांहून अधिक वर्षे. तेलुगू, उर्दू, मराठी, कन्नड घरांतल्या हजारो मुलींनी त्या खांबांखाली बसून शिक्षण घेतले. रेसिडेन्सीचा इतिहास सांगताना त्यांचा वाटा एका परिच्छेदात आटोपला जातो. वास्तूच्या जतनाइतकीच त्या मुलींच्या कागदांच्या जतनाची निकड आहे असे माझे ठाम मत आहे. मराठवाड्यातल्या अभ्यासकांनी या दप्तरावर आपला हक्क सांगायला हवा. १९५६ पर्यंत ते आपल्याही विद्यापीठाचे महाविद्यालय होते.

कोठीच्या आसपासचा मराठी परिसरही ध्यानात घ्यावा. सुलतान बाजार, जांबाग या भागात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती होती. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने १९०७ मध्ये उभी केलेली विवेकवर्धिनी तिथेच आहे. परगावची मराठी मुलगी शिकायला आली की नातेवाइकांचे किंवा ओळखीचे घर याच भागात शोधले जाई. म्हणून अभ्यासकाने महाविद्यालयाच्या कागदांवर थांबू नये. शाळा, मंडळे, मराठी ग्रंथसंग्रह यांची दप्तरे शेजारी ठेवून वाचली की त्या मुलीचे दिवस कसे जात असतील हे उमगू लागते.

महाराष्ट्रात स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा विषय निघाला की महर्षी कर्वे आठवतातच. जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये हिंगण्यात भारतीय महिला विद्यापीठ सुरू झाले. पुढे विठ्ठलदास ठाकरसींच्या देणगीतून त्याचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झाले. त्या कार्याबद्दल आपल्याला एवढे माहीत आहे ते फक्त संस्थेच्या अहवालांमुळे नाही. कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’, आनंदीबाई कर्व्यांचे ‘माझे पुराण’, पार्वतीबाई आठवल्यांची ‘माझी कहाणी’ ही घरातून आणि आश्रमातून लिहिलेली पुस्तके हाताशी आहेत. अहवालात देणगीचा आकडा येतो. देणगीसाठी अमेरिकेत जाऊन घरकाम करणाऱ्या पार्वतीबाई स्वतःच्या लेखनातून येतात. याच विद्यापीठात १९७४ मध्ये नीरा देसाई यांनी स्त्रीअभ्यास केंद्र सुरू केले. १९८८ मध्ये त्यांच्यासह मैत्रेयी कृष्णराज आणि सी. एस. लक्ष्मी यांनी मुंबईत ‘स्पॅरो’ ही संस्था उभी केली. बायकांचे आवाज, छायाचित्रे, पत्रे गोळा करणारी ही संस्था नव्या अभ्यासकाने एकदा तरी पाहावी.

मराठवाड्याला पुण्या-मुंबईसारखी छापील आत्मचरित्रांची रेलचेल लाभलेली नाही. त्यामुळे इथे कागदाचा प्रत्येक प्रकार जास्त बोलका ठरतो. प्रवेश-निर्गम रजिस्टर सर्वांत आधी. त्यात मुलीचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख आणि नाव काढल्याचे कारण असते. शेवटचा रकाना मी सगळ्यांत काळजीपूर्वक वाचतो. ‘लग्न’, ‘बदली’, ‘गैरहजर’, ‘आजारी’ असे एकेक शब्द ओळीने वाचत गेले की त्या वर्षी गावात काय चालले होते याचा अंदाज येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर न परतलेल्या मुलींची संख्या दुष्काळाच्या वर्षांशी ताडून पाहावी. वसतिगृहाच्या वहीत कोण भेटायला आले, कोण किती वाजता परतले आणि मेसचा महिन्याचा खर्च किती आला ते मिळते. एसटीच्या वेळापत्रकाकडेही दुर्लक्ष करू नये. ज्या गावातून सकाळची गाडी वेळेवर येते त्या गावातल्या मुली पदवीपर्यंत टिकतात का, हा प्रश्न बिलोलीसारख्या तालुक्यात कोणीही विद्यार्थिनी रजिस्टर आणि वेळापत्रक शेजारी ठेवून सोडवू शकेल.

वार्षिकांकांविषयी थोडे अधिक. महाविद्यालयाचा वार्षिकांक ग्रंथालयात रद्दीच्या वाटेवर असतो, कारण तो ना पाठ्यपुस्तक ना संदर्भग्रंथ. पण मुलींनी स्वतः लिहिलेला मजकूर संस्थेच्या दप्तरात बहुधा तिथेच सापडतो. १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, म्हणून तो आज आपल्यापाशी आहे. त्या शाळेच्या फळ्यावर आणि पाट्यांवर जे लिहिले गेले त्यातले काही उरले नाही. छापून आलेला विद्यार्थिनीचा शब्द किती मोलाचा असतो हे यावरून कळावे. कविता कच्ची असेल, लेख पुस्तकातून उतरवलेला असेल, तरी १९७० किंवा १९८० साली आपल्या भागातल्या मुलीला कशावर लिहावेसे वाटले हे त्यातून दिसते. स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिका आणि फिशपाँडच्या चिठ्ठ्याही जपण्याजोग्याच.

महाविद्यालय बंद होऊन कागदच उरले नसतील तर? तरीही वाट बंद होत नाही. संस्था नोंदणीकृत न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तिची घटना, विश्वस्तांचे बदल अर्ज आणि हिशेबपत्रके असतात. विद्यापीठात संलग्नीकरणाच्या चौकशी समित्यांचे अहवाल आणि निकालपत्रके असतात. अनुदान मिळत असेल तर शिक्षण खात्याकडे वेतनपत्रके असतात. पुराभिलेख संचालनालयाचे औरंगाबादचे कार्यालय आणि हैदराबादला तारनाक्याचे राज्य अभिलेखागार ही दोन ठिकाणे संस्थानकाळासाठी गाठावीच लागतात. या चार-पाच ठिकाणच्या धाग्यांतून बंद पडलेल्या महाविद्यालयाची रूपरेषा पुष्कळशी परत उभी करता येते. माणसे मात्र अशा कागदांत कमी आणि ठराव जास्त असतात. म्हणून पुढची पायरी लोकांच्या घरी जाण्याची.

तिथे पहिली अडचण नावाची येते. प्रवेशपटावर माहेरचे नाव असते. लग्नानंतर आडनाव बदलते आणि आपल्याकडे पुष्कळ घरांत पाळण्यातले नावही बदलते. त्यामुळे १९६२च्या रजिस्टरमधली मुलगी १९७०च्या मतदारयादीत सापडत नाही. पुरुष विद्यार्थ्याचा माग काढायला अर्धा तास पुरतो तिथे स्त्रीसाठी दोन गावे आणि तीन नातेवाईक लागतात. हे काम जावई, मावश्या, जुन्या मैत्रिणी यांच्या ओळखीनेच पुढे सरकते. बाहेरून आलेल्या संशोधकाला ते जड जाते. गावातल्या मुलीला ते सोपे जाते, कारण ‘तुझं माहेर कुठलं गं?’ असा उलट प्रश्न तिला कोणी विचारला तर तिच्याजवळ उत्तर असते आणि बोलणे सुरू होते.

दुसरी अडचण लिपीची आणि सनाची. संस्थानकाळातले कागद उर्दूत असतात, काही मोडीत असतात आणि त्यांवर फसली सन असतो. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो. वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्यात सुरू होते, म्हणून १३३३ फसली म्हणजे १९२३च्या ऑक्टोबरपासून १९२४च्या ऑक्टोबरपर्यंतचा काळ. एवढे माहीत नसेल तर अभ्यासक एका वर्षाने चुकतो. आणि इथेच बिलोलीकरांचे बळ आहे. या तालुक्यात घरी मराठी, बाजारात तेलुगू आणि शेजारी दखनी बोलणारी माणसे आजही भेटतात. उर्दू शाळेत शिकलेल्या मुली आणि मराठी शाळेत शिकलेल्या मुली एकाच महाविद्यालयात एका बाकावर बसतात. त्या दोघींनी मिळून एक जुने रजिस्टर वाचायला घेतले, तर पुण्या-मुंबईच्या संशोधकाला दुभाष्या लावूनही जमणार नाही असे काम होईल.

जुन्या नोंदींचे मोल मराठवाड्याला आता वेगळे समजावून सांगावे लागत नाही. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून निजामकाळची कागदपत्रे, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे, मोडी आणि उर्दू जाणणारी माणसे हे सारे गावागावांत चर्चेचे विषय झाले. कपाटे उघडली, गठ्ठे सुटले, पाने उलटली गेली. त्या शोधाचा हेतू वेगळा होता आणि त्यावर मतभेद आहेत, ते इथे बाजूला ठेवू. पण वडील आणि आजोबांच्या नावांसाठी जी पाने उघडली गेली त्याच पानांवर मधूनच एखाद्या मुलीचेही नाव असते. ते नाव आणि वर्ष बाजूला टिपून ठेवण्याची सवय लागली, तरी या विषयाला मोठा आधार मिळेल.

जतनाच्या तंत्राविषयी थोडे सांगायला हवे, कारण उत्साहाच्या भरात नुकसान फार होते. कचेरीत काम केलेल्या प्रत्येकाला सहा गठ्ठे पद्धत माहीत असते आणि तिच्यातला शेवटचा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा असतो हेही माहीत असते. अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडताना अ वर्ग कायमचा आणि ड वर्ग लवकर काढून टाकायचा असतो. कचेरीच्या सोयीसाठी हे योग्यच आहे. पण वसतिगृहाची भेटवही, गैरहजेरीचे अर्ज, पालकांची पत्रे असे कागद त्यात खालच्या वर्गात जातात, आणि इतिहासकाराला नेमके तेच हवे असतात. म्हणून महाविद्यालयाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतला कोणताही कागद एखाद्या अभ्यासकाला दाखवल्याशिवाय नष्ट करू नये, असा ठराव प्रत्येक व्यवस्थापनाने करावा असे मी सुचवतो.

कागद हाती आले की ते विषयवार लावण्याचा मोह होतो. तो आवरावा. ज्या क्रमाने आणि ज्या गठ्ठ्यात ते सापडले तो क्रम तसाच ठेवावा, निदान लिहून तरी ठेवावा. एका ठिकाणचे कागद दुसऱ्या ठिकाणच्या कागदांत मिसळू नयेत हा नियम फ्रान्समध्ये १८४१ साली अधिकृतपणे घातला गेला, मूळ क्रम जपण्याचा नियम पुढे आला, आणि आज जगभरची अभिलेखागारे दोन्ही पाळतात. प्राचार्यांच्या टेबलातला कागद आणि लिपिकाच्या कपाटातला कागद यांचे अर्थ वेगळे असतात, आणि गठ्ठा मोडला की तो फरक पुसला जातो. टाचण्या आणि रबर काढावेत, चिकटपट्टी कधीही लावू नये. नांदेडच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत कागद कडकडीत होऊन तुटतो आणि पावसाळ्यात तिथेच वाळवी व कसर लागते. तळमजल्यावरची कोरडी खोली, भिंतीपासून वीतभर दूर ठेवलेली लोखंडी मांडणी आणि सुती कापडाचे बासन एवढे पुष्कळ झाले. मोबाइलवर फोटो काढणे उपयोगाचे आहे. पण फोटो काढून झाला म्हणून मूळ रजिस्टर रद्दीत देणे ही अक्षम्य गोष्ट आहे.

मुलाखतींसाठी एवढेच सांगेन की आजीबाईंसमोर प्रश्नावली ठेवू नये. जुना फोटो किंवा वार्षिकांक समोर ठेवावा आणि मैत्रिणींची नावे विचारावीत. शिक्षण कसे सुटले हे त्या आपणहून सांगतील तेव्हाच ऐकावे. नोंदवलेले कुठे ठेवणार आणि कोणाला दाखवणार हे आधी सांगून त्यांची संमती घ्यावी. रजिस्टरमधली जात, गुण, शिस्तभंगाची नोंद ही त्या बाईंची खासगी गोष्ट आहे. हयात व्यक्तीच्या बाबतीत तिची परवानगी मिळाल्याशिवाय ती छापू नये.

संस्थांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. बहुतेक स्मरणिकांत मान्यवरांचे संदेश, अध्यक्ष आणि सचिवांची छायाचित्रे, इमारतींचे टप्पे आणि जाहिराती असतात. शिकून गेलेल्या मुलींची यादी नसते. अशी स्मरणिका इतिहास म्हणून पुरेशी नाही. आणि याद्या मिळाल्या तरी कोण नाही हे विचारावेच लागते. दलित, भटक्या, मुस्लिम घरांतल्या मुली पहिल्या दहा वर्षांत किती आल्या, किती टिकल्या, कोणत्या वर्षी वसतिगृहात त्यांना जागा मिळाली, हे न विचारता लिहिलेला महिला महाविद्यालयाचा इतिहास थोड्या घरांचा इतिहास होऊन बसतो.

बिलोली परिसरातल्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थिनींना माझे एवढेच सांगणे आहे : या शैक्षणिक वर्षात आपल्या महाविद्यालयाच्या पहिल्या दहा वर्षांचे प्रवेशपट कुठे आहेत ते शोधा, आणि त्यांतल्या मुलींची नावे व गावे एका वहीत उतरवून ती वही ग्रंथालयात नोंद करून ठेवा. ज्यांच्या घरी आईचे, आत्याचे, आजीचे गुणपत्रक, ओळखपत्र, वार्षिकांक किंवा वर्गाचा फोटो असेल त्यांनी फोटोतल्या जितक्या जणींची नावे घरात आठवतात तितकी एका चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ती चिठ्ठी फोटोसोबत ठेवावी. ज्यांना ती नावे आठवतात त्या बायकांचे वय आज सत्तरीच्या पुढे आहे.